बासरीवाल्याला काय द्यावं

भोईवाडा, परळ
२४ ऑक्टोबर १९८५

चि. जगन,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, नाहीतर पुढे रागाच्या भरात द्यायचे राहून जातील.

तू दसऱ्याला पाठवलेला कृष्ण पोचला. गंगुबाई कोळीण सकाळी तुमच्या गिरगावात पाटी फिरवते आणि संध्याकाळी आमच्या बाजारात बसते, म्हणून तू तिच्या हाती दिलास हे बरं केलंस. पण तिने तो बोंबलांवर ठेवून आणला. दोन दिवस उदबत्ती लावली तरी देवाचा वास जाईना. तुझ्या मास्तरांना मी सांगितलं, गंगुबाईने नवसाचा दिला. तुझं नाव घेतलं असतं तर कृष्ण खिडकीतून थेट खालच्या नळावर गेला असता.

आमच्या घरातला हा सहावा कृष्ण. एवढीशी खोली, त्यात आम्ही दोघं, दोन्ही वेळचे खानावळीचे जेवणारे, संध्याकाळी बासरीच्या वर्गाची पोरं आणि सहा कृष्ण. बासरी वाजवणाऱ्या माणसाला काही द्यायचं म्हटलं की लोकांना कृष्णच का सुचतो रे? शिंप्याला कुणी सुईचं चित्र देतं का? आणि तू तर त्यांच्याच हाताखाली शिकलास, तुला तरी कळायला हवं होतं.

मी स्वतः येऊन चार शब्द सुनावले असते. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी मला शपथ घातली आहे, जगनच्या दाराची पायरी चढायची नाही. पायरीची शपथ आहे, कागदाची नाही. म्हणून लिहिते.

ते गुरुपौर्णिमेचं मी विसरलेली नाही. संपाचं वर्ष, गिरण्या जानेवारीपासून बंद. बाकीची पोरं रिकाम्या हातांनी येऊन पाया पडून गेली. आणि तू, नुकताच गिरगावातल्या त्या दातांच्या कवळ्या करणाऱ्या कारखान्यात चिकटलेला, खांद्यावर तांदळाचं पोतं आणि हातात तेलाचा डबा घेऊन आलास. त्या दिवशी आमच्या घरात मीठ आणि चहापत्ती सोडून काही नव्हतं. मला तू देवासारखा दिसलास. त्यांना दिसलास सावकारासारखा. "गुरूक नारळ देतत, रेशन नाय," म्हणाले आणि पोतं उचलून गॅलरीत फेकलं. पोतं फुटलं. तू मान खाली घालून गेलास आणि अख्ख्या मजल्यावरच्या बायका सुपं घेऊन धावल्या. मीही धावले. आमचेच तांदूळ मी शेजारणींशी भांडून घरात आणले. तुझ्या मास्तरांनी ते कुठून आले न विचारता खाल्ले. पुरुषांचा मानीपणा असाच असतो, भात शिजला की गप्प बसतो.

आता दिवाळी आली. तू पुन्हा काहीतरी पाठवणारच, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तर उपयोगाचं पाठव आणि माझ्या नावाने पाठव. मला माहेरचं कुणी उरलेलं नाही. या वर्षी भाऊबीजेला तू माझा भाऊ हो. भावाने बहिणीला दिलेल्या वस्तूवर नवऱ्याला बोट ठेवता येत नाही, ही आपली रीत आहे आणि तुझे मास्तर रीतीला फार जपतात.

बदामाचं तेल पाठव, माझ्या केसांसाठी म्हणून. केसांना मला खोबरेल पुरतं, ते तेल बासऱ्यांना जाईल. थंडीची कोरडी हवा सुटली की बांबू तडकतो, तुला सांगायला नको. खण पाठव, चोळीचे म्हणून. नक्षी नसली तरी चालेल, पण जाड बघून घे, मला बासऱ्यांना गवसण्या शिवायच्या आहेत. आणि चांगल्या पिळाचा दोरा. ज्या माणसाने आयुष्यभर गिरणीत सूत काढलं, त्याच्या घरात तडकलेली बासरी बांधायला हातभर दोरा नसावा याला काय म्हणायचं? मागच्या महिन्यात मी परकराची नाडी काढून दिली.

जाता जाता एक विचारायचं होतं. तुमच्या कारखान्यात पुढचे वरचे चार दात करायला किती दिवस लागतात? गंगुबाईसाठी विचारते.

तुझी
शेवंता वहिनी


भोईवाडा
३० ऑक्टोबर १९८५

चि. जगन,

तेल, खण, दोरा, सगळं पोचलं. खण फारच सुंदर आहेत, फाडायला मन होत नाही.

तू लिहिलंस की गंगुबाईने तुझ्यासमोर उभं राहून दातांनी सुपारी फोडली. त्या बाईला सुपारी नेमकी तेव्हाच फोडायची होती! बरं, आता लपवण्यात अर्थ नाही. दात तुझ्या मास्तरांचे आहेत.

मशेरीने हिरड्या खाल्ल्या. होळीनंतर एकेक दात हलायला लागला. तीन त्यांनी मोरीत बसून स्वतःच काढले, मलाही दाखवले नाहीत. चौथा गणपतीत प्रसादाच्या खोबऱ्यात अडकून आला. तेव्हापासून बासरी बंद आहे, जगन. वरचा ओठ आत पडतो, फुंकर तिरकी जाते, नुसता वारा येतो. बाहेर पडताना तोंडावर रुमाल धरतात, लोकांना वाटतं सर्दी झाली. वर्गात पोरांना सूर गाऊन शिकवतात. पोरांच्या आया मला विचारतात, मास्तर वाजवून का दाखवत नाहीत? मी सांगते, मौन धरलंय. मौन धरून माणूस गातो कसा, हे अजून कुणी विचारलं नाही. पण पोरं गळायला लागली आहेत.

हेही मी सोसलं असतं. पण आता एक गोष्ट समोर आली आहे आणि ती आल्यापासून मला धड जेवण जात नाही. दादरला एका संगीत वर्गात बासरी शिकवणाऱ्याची जागा निघाली आहे. कायमची, दर महिन्याच्या पगाराची. तुळशीचं लग्न झाल्यावर जो रविवार येतो, त्या दिवशी तिथले दोघे कारभारी वाजवणं ऐकून माणूस ठरवणार. मास्तरांनी अर्ज केला आहे. दातांचं कळवलेलं नाही. म्हणतात, "बघूया तेवा." तेव्हा काय बघणार? दात काय पावसाळी भाजीसारखे परत उगवतात?

गिरणीने त्यांना परत घेतलं नाही, हे तुला ठाऊक आहे. माझ्या खानावळीत पूर्वी पाळीपाळीने पंगती उठायच्या. आता चार जण जेवतात. बाकीचे गावी गेले ते गेलेच. ही नोकरी मला हवी आहे, जगन. त्यांच्यापेक्षा मला जास्त हवी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्यांच्या भाकऱ्या थापते आहे. एकदा मला चुलीपुढून उठायचंय.

दातांच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, "परक्या दातांनी काढललो सूर माझो कसो?" आणि तुझं नाव तर काढायचीच सोय नाही. तेव्हा दात भाऊबीजेला पाठव. मला पाठव, भावाने बहिणीला दिलेले. पुढचं मी बघून घेईन. माप कसं घेतात तेवढं कळव, आणि लवकर कळव. इथे मी उठते काय, बसते काय, गॅलरीत जाते काय, शेजारीण विचारते की अंगात आलंय का.

तुझी
वहिनी


भोईवाडा
५ नोव्हेंबर १९८५

चि. जगन,

तू लिहिलंस की माप डॉक्टरच घेतात, त्याचा वेगळा मसाला असतो, घरी जमायचं नाही. घरी काय काय जमतं हे पुरुषांना कुठे माहीत असतं!

सोबतच्या डब्यात माप आहे. कणकेचं.

काल दुपारी जेवून ते उताणे झोपले होते, नेहमीसारखं तोंड उघडं. मी कणीक घट्ट मळली, वरून तेलाचा हात फिरवला आणि हळूच वरच्या हिरडीवर दाबली. आधी घोरणं थांबलं. मग डोळे उघडले. काहीतरी बोलायला गेले, पण तोंडात कणीक. मी म्हटलं, "माशी गेली तोंडात, काढतंय." कणीक काढून घेतली तरी ते माझ्याकडे बघतच राहिले.

"माशी कणकेन काढतत?"

"आमच्या गावात काढतत," म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि कूस बदलून झोपले. एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या गावाबद्दल त्यांनी बरंच काही खरं मानलं आहे.

मी कणीक तशीच ओल्या फडक्यात गुंडाळली आहे. दाताच्या खुणा नीट दिसतात, खळगेही दिसतात. गंगुबाईला बजावलं आहे, यावर मासे ठेवायचे नाहीत.

तेलाची बाटली त्यांच्या नजरेला पडली. "केसांक इतक्या म्हाग त्याल?" मी म्हटलं, भावाने दिलं. "तुका भाव खयसून इलो?" म्हटलं, या वर्षी आला. पुढे काही विचारलं नाही. पण सकाळी नळावरून पाणी घेऊन येते तर काय, सगळ्या बासऱ्या चटईवर मांडून तेच तेल फडक्याला लावून एकेक पुसत बसलेले. आतून काडीने, बाहेरून बोटांनी. वाजवता येत नाहीत, तरी पुसत होते. मला तिथे उभं राहवलं नाही. कळशी घेऊन मी पुन्हा नळावर गेले आणि रांगेत उभी राहिले.

दात भाऊबीजेच्या दिवशी सकाळी पोचले पाहिजेत. चुकू नकोस.

तुझी
वहिनी


भोईवाडा
१४ नोव्हेंबर १९८५, भाऊबीज

जगन,

हे पत्र तुला उद्या मिळेल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. पण हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून लिहिते. ते तुझ्याकडे यायला निघालेत. दात खिशात आहेत.

करंज्यांच्या डब्यात दात घालायची अक्कल तुझी की गंगुबाईची? मी आत नारळ खवत होते. यांनी डबा उघडला, वरची करंजी उचलली आणि खाली चार दात हसत बसलेले.

"हे दात खयचे?"

मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. म्हटलं, "माझ्या म्हायरचे. भावान दिल्यान."

"तुझ्या म्हायराक दात पिकतत काय?"

मला वाटलं, आता डबा गॅलरीत जाणार. गेला नाही. त्यांनी दात घेतले, मोरीत गेले, पडदा ओढला. बाहेर आले तेव्हा, जगन, काय सांगू, मला हसू आवरेना. ओठ मिटत नव्हता. अगदी घोड्यासारखं दिसत होतं. जन्मभर कणीक मळणारी बाई मी, आणि झाकून ठेवलेली कणीक सैल पडते, पसरते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही! तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्या मापाचा पार पापड झाला असेल. तू तरी कळवायचंस.

ते हसले नाहीत. खुंटीवरची गवसणी काढली, त्यातून बासरी काढली. गणपतीनंतर पहिल्यांदा. दिवाळीची सुट्टी म्हणून वर्गाची पोरं दारात घुटमळत होती, तीही आत डोकावली. त्यांनी बासरी ओठाला लावली आणि फुंकर घातली. दात सुटले, टक्कन बासरीवर आपटले आणि जमिनीवर घरंगळत गेले. एक पोर फिस्सकन हसलं.

त्यांनी दात उचलले, धुतले, रुमालात बांधले आणि टोपी घातली. "ह्या जगनाचा काम. आज तेका बघतंय," एवढंच बोलले आणि जिना उतरले.

ते तुला मारायला आलेत की काय, मला कळत नाही. मारलं तर पळ. पण पळालास तर ते तसेच परत येतील आणि दात कधीच व्हायचे नाहीत. म्हणजे पळू नकोस. एखादी खाल्लीस तरी चालेल. काय लिहिते आहे मी, सणाच्या दिवशी भावाला मार खा म्हणून सांगते आहे. तीनदा गॅलरीच्या टोकापर्यंत जाऊन आले. खालच्या बायका ओवाळायला चालल्या आहेत, भाऊ येताहेत, टॅक्स्या येताहेत. आणि माझा भाऊ गिरगावात, नवरा त्याच्या मागावर, आणि मी इथे.

दिवेलागण झाली. अजून आले नाहीत. भात गार झाला. एक करंजी खाल्ली, तिला दातांचा वास आला.

शेवंता


भोईवाडा
२५ नोव्हेंबर १९८५

चि. जगन,

त्या दिवशी ते आले तेव्हा मिशीला गुलाबी मेण लागलेलं होतं. मी काही विचारण्याआधीच म्हणाले, "त्या गाढवान माका डॉक्टरच्या खुर्चेत बसवल्यान. आणि तू! कणकेचा माप!" म्हणजे शिव्या आपल्या दोघांत सारख्या वाटल्या. पण आवाजात राग नव्हता. मग जेवले, आणि दोनदा भात घेतला. तेव्हा मी ओळखलं की तिकडे काही मारामारी झालेली नाही. देवापुढे नारळ फोडला, तुझ्या नावाने.

तेव्हापासून दिवसाआड गिरगावात येताहेत. तिथे काय चालतं हे काही धड सांगत नाहीत. "जगन कानशीन घासता, मी फुकतंय, तो परत घासता." एवढंच. तीन वर्षांत जे बोलायचं राहिलं ते बोललात की नाही? पोत्याचं निघालं का? मी विचारलं तर म्हणतात, "कसला पोता?" तुम्ही दोघं एकत्र आलात आणि मी बाहेरच राहिले, असंही मला मधूनच वाटतं. राहू दे.

नवे दात बसले. चेहरा पूर्वीसारखा झाला, रुमाल सुटला. काल त्यांनी घरी वाजवलं, आणि ते मला तुला सांगायलाच हवं. खालचे सूर येतात. आधीपेक्षा जाड येतात, पण भरून येतात. समोरच्या खोलीतली मालन कपडे वाळत घालता घालता थांबली. पण वरच्या सप्तकात गेले की सूर फाटतो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा फाटला. ओठ नव्या दातांवर बसायला सहा महिने लागतील, असं ते स्वतःच म्हणाले, आणि बासरी गवसणीत घालून ठेवली. सहा महिने कुणाकडे आहेत? येत्या रविवारी दादर आहे.

माझं एक ऐक. त्या रविवारी तू त्यांच्याबरोबर जा. दात सैल झाले तर तुझी कानस जवळ असू दे. तंबोरा धरायला कुणीतरी लागेलच. ते एकटे गेले तर पहिला सूर फाटला की नमस्कार करून उठून येतील, मी त्यांना ओळखते. तू बाजूला असलास तर लाजेकाजेने तरी बसतील. त्यांना मी सांगितलंय की तूच यायचा हट्ट धरलास. तुला मी सांगते आहे की त्यांनीच बोलावलंय. दोघांनी एकमेकांना विचारू नका.

आज तुळशीपुढे ऊस बांधताना मी मागणं मागितलं. काय मागितलं ते सांगायची गरज नाही.

तुझी
वहिनी


भोईवाडा
२ डिसेंबर १९८५

चि. जगन,

काल दादरहून तू परस्पर निघून गेलास, घरी आला नाहीस. काय झालं ते मला त्यांच्याकडूनच कळलं. मी ऐकलं तसं तुला लिहिते, म्हणजे तू काय करून बसलास ते तुलाही कळेल.

ते आले, टोपी खुंटीला लावली, चहा मागितला आणि म्हणाले, "नोकरी लागली." मी पातेलं तसंच सोडून देवापुढे साखर ठेवली. वळून त्यांच्या पाया पडायला वाकले, तेव्हा म्हणाले, "जगनाक."

मी वाकलेली तशीच राहिले.

मग सगळं सांगितलं. खालचे सूर कसे लागले, ते दोघे कारभारी कसे माना हलवायला लागले. मग वर जायची वेळ आली आणि सूर फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी बासरी तुझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "धर. हो माझ्याकडेच शिकललो." तू घेईनास. त्यांनी डोळे वटारले तेव्हा घेतलीस. आणि जिथे त्यांचा सूर तुटला होता तिथूनच तू पुढे नेलंस. मध्ये त्यांनी बोट वर करून तुला दोनदा टोकलं, तिथे, त्या दोघांसमोर. तू दोन्ही वेळा सुधारलंस. मग ते दोघे कोपऱ्यात बोलले आणि तुला म्हणाले, पुढच्या महिन्यापासून या. आणि तू म्हणालास, जागा मास्तरांची आहे, मी येणार नाही. आणि उठून चालता झालास.

फार मोठं मन दाखवलंस. त्याचा आम्हाला काय उपयोग, जगन? तू नाही म्हणालास म्हणून ते त्यांना घेणार आहेत का? उद्या तिसराच कुणीतरी माटुंग्याहून येईल आणि त्या खुर्चीवर बसेल.

मी संतापले आहे. आधी तुझ्यावर, मग त्या दोघांवर, मग स्वतःवर, कारण तुला त्यांच्याबरोबर जा म्हणून मीच लिहिलं. ही नोकरी मी तुझ्यासाठी मागितली नव्हती. मी माझी चूल विझवायला मागितली होती. ती काही विझली नाही. आज सकाळीही मी चार माणसांचा भात टाकला, उद्याही टाकीन. गोड बोलून हे झाकायचं मला जमत नाही. तू मला बहीण म्हणतोस, तर बहिणीचा राग तुला माहीत असू दे.

काल दिवे लावल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला काहीच वाटलं नाही?

"वाटला," म्हणाले. "थंयच्या जिन्यार बसलंय थोडो वेळ." मग बराच वेळ दाताच्या कडेवरून जीभ फिरवत राहिले. "शेवंते, तेचो वरचो सूर माझ्यापेक्षा बरो हा गो. तीन वर्सां मी आयकूकच नाय."

मी उठून उगाच तवा घासायला घेतला.

आज मात्र ते चिडले आहेत, आणि तुझ्यावरच चिडले आहेत. सकाळपासून खोलीत फेऱ्या मारताहेत. "माका भेट दिल्यान काय ही? न घेतललेली नोकरी? हिचा मी काय करू, फडताळात ठेवू?" या वेळी ते अगदी बरोबर बोलत होते. तुला काय वाटलं, जागा सोडलीस म्हणजे गुरूचा मान राहिला? अरे, त्यांनी तुला बासरी दिली, ती चारचौघांत, आपला सूर फाटल्यावर. ते देताना त्यांना किती जड गेलं असेल ते तू ओळखायला हवं होतंस. देणाऱ्याचं घेणं हेही शिकायचं असतं, आणि तुम्हा दोघांनाही ते येत नाही.

संध्याकाळी वर्ग होता. पोरांच्या आया दारात जमल्या, दादरला काय झालं म्हणून. मी आत भाकऱ्या थापत होते, बाहेर जाऊन तोंड दाखवायचं धाडस होईना. मला वाटलं, ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. ते उठले, दारापर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादराक आमचे जगन मास्तर लागले. मोठ्या पोरांक आता थंय धाडा. ल्हानग्यांक मी आसय."

जगन मास्तर. मी कान देऊन ऐकलं, चूक नाही. स्वतःला सोडून त्यांनी आजवर कुणाला मास्तर म्हटलेलं मला आठवत नाही. एक बाई म्हणाली, "पण तो तर तुमचाच पोरगा ना, मास्तर?" ते म्हणाले, "म्हणानच तर." आणि आत येऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती जळली.

हे पत्र मिळताच दादरला जा आणि हो म्हण. कारखान्यातून सुट्टी घे, नाही मिळाली तर न सांगता जा. मग तिथून सरळ इकडे जेवायला ये. मी अजून रागात असेन, तरी ये.

तुझी
शेवंता